नर-संप्रेरके : गोठ्यातील अनुभव व वैद्यकातील उपयोग

वळू व बैल यांतील फरक शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाही. एकाच गाईचे दोन गोऱ्हे घ्यावे, त्यांपैकी एकास खच्ची करावे व दुसऱ्यास वळू म्हणून राखावे. दोन-तीन वर्षांनी ते सख्खे भाऊ आहेत असे सांगूनही परक्या माणसास पटत नाही. राखलेल्याची मान जाड होते, वशिंड भरून येते, कपाळ रुंदावते व आवाज घोगरा होतो. खिल्लारासारख्या जातीत मान व खांदे काळसर पडतात. तो शिंगांनी माती उकरतो, दुसरा वळू दिसताच फुरफुरतो आणि माजावर आलेल्या गाईचा वास लागला की दावे तोडतो. खच्ची केलेला भाऊ पायांनी उंच, मानेने हलका व स्वभावाने शांत निघतो. दोघांचे रक्त तेच, चारा तोच व गोठाही तोच. एवढा मोठा पालट घडतो तो केवळ दोन लहानशा अवयवांच्या असण्या-नसण्यामुळे.

हा पालट घडवून आणणारे द्रव्य कोणते, ते शरीरात कसे वागते, आणि मनुष्याच्या औषधोपचारात त्याचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे. हा विषय वैद्यकाचा असून शेतीच्या पत्रिकेत तो कशाला, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस सभा संपल्यावर एकीकडे घेऊन जे प्रश्न विचारले जातात, त्यांत दोन प्रश्न हमखास असतात : नसबंदी केल्याने ताकद जाते काय, व अमुक इंजेक्शन घेतल्याने ताकद येते काय. ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर समजण्यास लागणारा पुरावा शेतकऱ्याच्या गोठ्यातच आहे.

कोंबड्यांपासून झालेला आरंभ

खच्चीकरणाचे परिणाम मनुष्यास हजारो वर्षांपासून ठाऊक होते, पण त्याचे कारण कोणास माहीत नव्हते. वृषणांपासून काही नसा निघून सर्व शरीरास पोहोचत असाव्यात व त्यांच्या योगे नरपणा टिकत असावा, असा पुष्कळांचा समज होता. जर्मनीतील गॉटिंगेन येथील आर्नोल्ड बर्टहोल्ड ह्या शास्त्रज्ञाने १८४९ साली सहा कोंबड्यांवरील एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्याचे वृषण पोटात असतात हे आपणांस माहीत आहेच. काही कोवळ्या कोंबड्यांचे दोन्ही वृषण त्याने काढून टाकले. त्यांचा तुरा खुजा व फिकट राहिला, ते आरवेनात, भांडेनात व कोंबड्यांच्या मागेही लागेनात. दुसऱ्या काही कोंबड्यांचे वृषण काढून त्याने एकेक वृषण पोटाच्या पोकळीत दुसऱ्याच ठिकाणी नुसते ठेवून दिले. हे कोंबडे मात्र पूर्ण नर झाले : तुरा लाल, आरवणे खणखणीत व भांडण्याची खुमखुमी कायम. पुढे त्यांचे पोट उघडून पाहता ते वृषण आतड्यास चिकटून तेथे रुजले असून त्यांस नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, परंतु नसांचा जुना संबंध उरलेला नव्हता. अर्थात वृषणांतून जे काही शरीरभर जात होते ते नसांवाटे नव्हे, तर रक्तावाटे जात होते.

आज ज्यांना आपण संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतो त्यांच्या शास्त्राचा हा पहिला स्पष्ट पुरावा मानला जातो. त्या काळी त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. लक्ष गेले ते चाळीस वर्षांनी, आणि तेही एका चुकीच्या प्रयोगाकडे. पॅरिसमधील नामांकित शास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार ह्याने १८८९ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःस टोचून घेतला व आपणांस तारुण्याची तरतरी परत आल्याचे जाहीर केले. झाले! युरोप-अमेरिकेत अशा अर्कांचा धंदा फोफावला. वस्तुतः वृषण हे संप्रेरक साठवून ठेवीत नाहीत, तयार होईल तसे ते रक्तात सोडतात. शिवाय हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तेव्हा त्या अर्कात औषध असे नाममात्रच असणार, व जो गुण आला तो विश्वासाचा होता. ताकदीच्या औषधाचा बाजार शास्त्राच्या आधी भरतो, हे तेव्हाही खरे होते.

खरे द्रव्य हाती येण्यास आणखी चार दशके लागली. शिकागो विद्यापीठात कॉक व मॅक्गी यांनी १९२७ साली बैलवर्गीय वळूंच्या सुमारे अठरा किलोग्रॅम वृषणांतून अवघा २० मिलिग्रॅम अर्क काढला. तो टोचताच खच्ची कोंबड्यांचा तुरा पुन्हा वाढीस लागला. तुरा किती वाढला ह्यावरून औषधाचा जोर मोजण्याची पद्धत तेव्हा रूढ होती, म्हणजे ह्या शास्त्राचा तराजूही कोंबडाच होता. जर्मनीत बुटेनांट ह्याने १९३१ साली पोलीस शिपायांचे १५,००० लिटर मूत्र गोळा करून त्यातून ह्या वर्गातील एक द्रव्य १५ मिलिग्रॅम मिळविले. १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे लाकर व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे १०० किलोग्रॅम वळूंच्या वृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक वेगळे केले व त्यास टेस्टोस्टेरोन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट व स्वित्झर्लंडमधील रुझिच्का यांनी कोलेस्टेरॉल ह्या चरबीवर्गीय पदार्थापासून ते प्रयोगशाळेत बनवून दाखविले. ह्या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून जाहीर झाले. कारखान्यात बनू लागल्यामुळे हे द्रव्य स्वस्त झाले, आणि त्यातूनच पुढचे चांगले व वाईट दोन्ही निघाले.

वृषणांची दोन कामे

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वृषण दोन निराळी कामे करतात. त्यांतील बारीक नळ्यांत शुक्रजंतू तयार होतात. ह्या नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी नावाच्या पेशी असतात व त्या टेस्टोस्टेरोन बनवितात. शुक्रजंतू नळीवाटे बाहेर येतात. टेस्टोस्टेरोन मात्र नळीत न जाता सरळ रक्तात शिरते. ही दोन कामे वेगळी आहेत हे निसर्गच कधी कधी दाखवून देतो. एखाद्या गोऱ्ह्याची दोन्ही अंडे खाली पिशवीत न उतरता पोटातच राहतात. पोटातील उष्णता शुक्रजंतूंस मानवत नाही, म्हणून असा खोंड गाय गाभण करू शकत नाही. पण संप्रेरक तयार होत असल्यामुळे तो दिसण्यात, वागण्यात व गाईवर चढण्यात पुरा वळू असतो. त्यास पाहून फसलेले पशुपालक माझ्या पाहण्यात आहेत.

प्रौढ पुरुषाच्या शरीरात दिवसास सुमारे ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन तयार होते. रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्ये ते सामान्यतः ३०० ते १००० नॅनोग्रॅम असते, आणि नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. मूठभर मिठाने विहीर खारट होत नाही, परंतु ह्या द्रव्याचा एवढासा अंश सर्व देहाचा घाट बदलतो. याचे कारण असे की ते अन्नाप्रमाणे जळून शक्ती देत नाही. ते हुकूम पोहोचविते. रक्तातून ते पेशीत शिरते, तेथे त्याच्यासाठीच असलेल्या एका ग्राहक प्रथिनास जाऊन चिकटते व ही जोडी पेशीच्या केंद्रात जाऊन कोणती प्रथिने किती बनवावयाची ते ठरविते. जेथे ग्राहक आहे तेथेच हुकूम चालतो. कोंबड्यात तो तुऱ्याला, वळूत मानेला व वशिंडाला, बोकडात शिंगांमागच्या वासाच्या ग्रंथींना आणि मनुष्यात दाढी-मिशा, कंठ, स्नायू व जननेंद्रियांना लागू पडतो. कापणीसाठी वाढवावयाचे बोकड लहानपणी खस्सी केले म्हणजे त्यांच्या अंगाचा उग्र वास लागत नाही, तो ह्याच कारणाने.

काही ठिकाणी पोहोचल्यावर टेस्टोस्टेरोनाचे रूप बदलते. त्वचा व प्रोस्टेट ग्रंथी यांत त्याचे अधिक जोरकस रूप बनते. टक्कल पडण्यात ह्या रूपाचा हात असतो. उलट चरबी व हाडे यांत त्याचा काही भाग इस्ट्रोजेनात, म्हणजे ज्यास आपण स्त्री-संप्रेरक म्हणतो त्यात बदलतो. नराच्या हाडांची वाढ वयात आल्यावर थांबते ती मुख्यतः ह्या इस्ट्रोजेनामुळे. हे समजले ते १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका २८ वर्षांच्या तरुणाच्या तपासणीतून. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेनाचा ग्राहकच निकामी होता व २०४ सेंटिमीटर उंची होऊनही त्याची वाढ चालूच होती. लहान वयात खच्ची केलेल्या बैलाचे पाय लांब का होतात, ह्याचे उत्तर येथे मिळते : हाडांची वाढ थांबविणारा हुकूम त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतो.

हे हुकूम जन्माच्या आधीपासून चालू असतात. गाईस एक कालवड व एक गोऱ्हा असे जुळे झाले, तर ती कालवड बहुधा वांझ निघते. शिकागोच्या लिली ह्या शास्त्रज्ञाने १९१६ साली याचा उलगडा केला. पोटात असताना दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या एकमेकींस मिळतात व गोऱ्ह्याच्या वृषणांतील द्रव्ये कालवडीच्या रक्तात जाऊन तिच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवितात. अशा दहा कालवडींपैकी नऊ तरी निकामी असतात. तेव्हा जुळ्यांतील कालवड दुधासाठी वाढविण्यापूर्वी वा विकत घेण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासून घ्यावी.

पाटकऱ्याचा दाखला

वृषण आपल्या मर्जीने काम करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा भाग त्याखालच्या पीयूषिका ग्रंथीस संदेश धाडतो, व पीयूषिका दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांपैकी एक लायडिग पेशींस टेस्टोस्टेरोन बनविण्यास लावते व दुसरे शुक्रजंतूंच्या नळ्यांस चालना देते. मेंदूकडून निघणारा तो मूळ संदेश ग्वीमँ व शॅली यांनी मेंढ्यांच्या व डुकरांच्या कत्तलखान्यातून आणलेल्या असंख्य मेंदूंतून शोधून काढला. त्यासाठी त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

ह्या व्यवस्थेतील खुबी अशी की रक्तात टेस्टोस्टेरोन पुरेसे झाले म्हणजे ते मेंदूस कळते व वरचे हुकूम आपोआप कमी होतात. कालव्याच्या पाटकऱ्याची कल्पना करावी. शेत भिजले असे दिसले की तो वरचे दार बंद करतो. आता कोणी त्याच शेतात टँकरने पाणी आणून ओतले तर? पाटकऱ्यास शेत भिजलेले दिसते, तो दार लावून घेतो, व पाटाच्या मुखाशी असलेले जे वाफे केवळ पाटाच्याच पाण्यावर जगतात ते वाळून जातात. बाहेरून टोचलेले टेस्टोस्टेरोन हे टँकरचे पाणी होय. वाळणारे वाफे म्हणजे शुक्रजंतूंच्या नळ्या होत. कारण ह्या नळ्यांस रक्तातील पातळी पुरत नाही. वृषणाच्या आत जागेवरच तयार होणारे टेस्टोस्टेरोन रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते व शुक्रजंतू बनण्यास तेवढे लागते. हुकूम थांबले की ते आतले उत्पादन बंद पडते.

हा नुसता तर्क नव्हे. पुरुषांसाठी संततिनियमनाचे औषध म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ह्याच तत्त्वावर अनेक देशांत चाचणी घेतली, व तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. निरोगी पुरुषांस दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन टोचले असता सहा महिन्यांत त्यांपैकी बहुसंख्यांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही.

खच्चीकरण निराळे, नसबंदी निराळी

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. खच्चीकरणात बर्डिझो चिमट्याने कातडीवरून वृषणाची नाळ चेपली जाते. ह्या नाळेत शुक्रवाहिनी असते व रक्तवाहिन्याही असतात. रक्तपुरवठा तुटल्याने काही आठवड्यांत सबंध वृषण सुकते, म्हणजे शुक्रजंतू व संप्रेरक ही दोन्ही कामे बंद पडतात. कातडी फाटत नसल्यामुळे जखम होत नाही व माश्या बसत नाहीत, म्हणून दगडाने ठेचण्याच्या जुन्या क्रूर रीतीपेक्षा हे साधन पुष्कळ बरे. तरीही वेदना होतेच. काम पशुवैद्याकडूनच व जागा बधिर करूनच करवून घ्यावे. नळ्यांत आधी राहिलेले शुक्रजंतू काही काळ टिकतात, यास्तव त्यानंतर सहा ते आठ आठवडे गोऱ्हा गाईंपासून दूर बांधावा. ओढकामासाठी राखलेल्या गोऱ्ह्यास फार कोवळेपणी खच्ची केल्यास मान व खांदा भरत नाही, हे जुने शेतकरी सांगतात व ते शास्त्रासही धरून आहे. परंतु मान भरण्याची वाट पाहत फार दिवस काढले तर त्या हलक्या प्रतीच्या खोंडापासून गावातील निम्म्या गाई गाभण राहतात. वय पशुवैद्यास विचारून ठरवावे.

पुरुषाच्या नसबंदीत ह्यातले काहीच होत नाही. तेथे फक्त शुक्रवाहिनी ही बारीक नळी बांधून तोडली जाते. रक्तवाहिन्या शाबूत राहतात, वृषण शाबूत राहतात व टेस्टोस्टेरोन पूर्वीप्रमाणेच थेट रक्तात जात राहते. दाढी, आवाज, कामाची ताकद, पती-पत्नीचा संबंध, यांत ह्या शस्त्रक्रियेमुळे फरक पडण्याचे कारण नाही. वीर्यही पूर्वीसारखेच येते, कारण त्याचा बहुतेक भाग पुढच्या ग्रंथींतून येतो. त्यात शुक्रजंतू तेवढे नसतात. मात्र आधीचे शुक्रजंतू निघून जाण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोवर दुसरे साधन वापरून नंतर वीर्य तपासून घ्यावे लागते.

ज्यास हे सांगून पटणार नाही त्यास मोठ्या पशुपालन केंद्रांतील एक रीत सांगावी. कृत्रिम रेतनासाठी माजावरील गाय ओळखणे जरूर असते. त्यासाठी काही ठिकाणी शुक्रवाहिनी कापलेला वळू कळपात सोडतात. तो माजावरील गाय अचूक हुडकतो, तिच्यावर चढतो, दुसऱ्या वळूशी झुंजतोही; फक्त गाय गाभण राहत नाही. शुक्रवाहिनी कापल्याने वळूचा वळूपणा जात असता तर त्याला ह्या कामास कोणी ठेवले नसते.

औषध म्हणून देणे

ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरोन खरोखरीच तयार होत नाही, त्यांस ते बाहेरून देणे हा त्याचा मुख्य व निर्विवाद उपयोग होय. काहींच्या वृषणांत जन्मतः दोष असतो. क्लाइनफेल्टर ह्याने १९४२ साली वर्णिलेला विकार सुमारे ५०० ते १००० मुलग्यांमागे एकास आढळतो व त्यात पेशींमध्ये एक जास्तीचे गुणसूत्र असते. वयात आल्यानंतर गालफुगी होऊन वृषणांस सूज आल्याने, इजा झाल्याने किंवा कर्करोगाच्या उपचाराने वृषण निकामी होऊ शकतात. काहींच्या पीयूषिका ग्रंथीतच दोष वा गाठ असते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अद्याप वयात आलेला नसेल, आवाज फुटलेला नसेल, तर त्यास नवस-गंडे न करता जिल्हा रुग्णालयात न्यावे; काही वेळा थोडे महिने अल्प मात्रा देऊन शरीरास चालना देता येते. योग्य रोग्यास ह्या औषधाने जो फरक पडतो तो विलक्षण असतो : हाडे बळकट होतात, रक्त वाढते व उमेद येते.

शुद्ध टेस्टोस्टेरोन पोटात घेतल्यास यकृत त्याचा बहुतांश नाश करते. म्हणून ते तेलात मिसळून स्नायूत टोचतात. एका प्रकारचे इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी व दुसऱ्या प्रकारचे दहा ते चौदा आठवड्यांनी द्यावे लागते. त्वचेस लावण्याचे मलमही मिळते. ते लावल्यावर हात धुवावे व तो भाग झाकावा, कारण स्पर्शाने ते स्त्रिया व मुले यांच्या अंगात जाऊ शकते. स्त्रीच्या शरीरातही थोडे टेस्टोस्टेरोन स्वाभाविकपणे असते. ते अधिक झाले तर आवाज घोगरा होतो, व तो पुन्हा पूर्ववत होत नाही.

निदान रक्त तपासल्यावाचून होत नाही. सकाळी ही पातळी सर्वांत जास्त असते म्हणून रक्त सकाळीच, व दोन वेगवेगळ्या दिवशी तपासतात. वय वाढेल तशी पातळी हळूहळू उतरते. परंतु साठीच्या प्रत्येक गृहस्थास ते टोचावे असा त्याचा अर्थ नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, पातळी कमी असलेल्या व हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत ह्या औषधाने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. मात्र हृदयाची लय बिघडणे, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे व मूत्रपिंडास इजा ही प्रमाणाने अधिक आढळली. रक्तातील तांबड्या पेशी फाजील वाढून रक्त दाट होणे हाही नेहमीचा धोका आहे.

मूल होण्याची इच्छा असलेल्या पुरुषास पीयूषिकेच्या दोषामुळे वंध्यत्व आले असेल, तर टेस्टोस्टेरोन न देता पीयूषिकेची संप्रेरके किंवा तशीच द्रव्ये टोचतात. वरून हुकूम मिळाला की वृषण स्वतः कामास लागतात.

काढून घेणे हेही औषध

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या मुखाशी असलेली ग्रंथी टेस्टोस्टेरोनावर वाढते. चार्ल्स हगिन्स व त्याच्या सहकाऱ्याने १९४१ साली असे दाखविले की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरून वेदनांनी तळमळणाऱ्या रोग्यांचे वृषण काढून टाकले असता पुष्कळांच्या वेदना थोड्या दिवसांत शमतात व गाठी आकसतात. ह्या कामासाठी हगिन्स यास १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बैलाच्या बाबतीत शेतकरी जे युगानुयुगे करीत आला तेच येथे औषध ठरले. आज हे काम बहुधा इंजेक्शनाने होते. ते पीयूषिकेस प्रथम थोडा काळ चेतवून मग गप्प बसविते, व वृषण शरीरात राहूनही थांबतात. कर्करोग ह्याने समूळ जात नाही, पण अनेक रोग्यांस वर्षांचे आयुष्य मिळते. म्हणून वृद्ध मनुष्यास लघवी अडते, कंबरेची हाडे दुखतात अशी तक्रार असेल तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. आणि ज्यास हा कर्करोग आहे त्यास ताकदीसाठी टेस्टोस्टेरोन टोचणे म्हणजे विस्तवावर तेल ओतणे होय.

ताकदीची इंजेक्शने

टेस्टोस्टेरोनाने स्नायू वाढतात हे खरे आहे. त्यामुळेच खेळाडूंनी त्याचा व त्याच्या कृत्रिम भावंडांचा गैरवापर केला. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून ह्या द्रव्यांची तपासणी सुरू झाली, आणि १९८८ साली सेऊल येथे शंभर मीटर शर्यत जिंकलेल्या बेन जॉन्सन याचे सुवर्णपदक त्याच कारणास्तव काढून घेण्यात आले. आता ही औषधे तालुक्याच्या गावांतील व्यायामशाळांपर्यंत येऊन पोहोचली आहेत. छाती फुगलेली दिसते व वृषण आकसतात. पुष्कळदा छातीवर स्तनांसारखी गाठही येते, कारण जास्तीच्या टेस्टोस्टेरोनाचे इस्ट्रोजेन बनते.

परंतु स्नायूंचा घेर व कामाची ताकद ह्या दोन वस्तू आहेत. पोळ्याच्या दिवशी ज्यांची आपण पूजा करतो, ज्यांनी वर्षभर नांगर, मोट व गाडी ओढली, त्या जनावरांच्या अंगात हे द्रव्य नावापुरतेच असते. वळूची मान मोठी, पण दिवसभर सरीमागून सरी ओढण्याचे काम बैलच करतो. ताकद चाऱ्याने, सरावाने व निगेने येते. ज्याच्या शरीरात संप्रेरक मुळातच पुरेसे आहे त्याचा थकवा बहुधा दुसऱ्याच कशाचा असतो : रक्तक्षय, क्षय, मधुमेह, दारू, अपुरी झोप किंवा कर्जाची काळजी.

मागच्या उन्हाळ्यात एका गावी बीजप्रक्रियेसंबंधी सभा होती. ती आटोपल्यावर तिशीतला एक शेतकरी मागे थांबला, आणि पिशवीतून एक रिकामी कुपी काढून त्याने हळूच विचारले, "साहेब, हे बैलाला देतात तेच का?" कुपीवर टेस्टोस्टेरोन असे छापलेले होते. लग्नास सहा वर्षे झाली, मूल नाही. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका इसमाने पुरुषत्व वाढते असे सांगून चार महिने ही इंजेक्शने त्यास टोचली होती. "अंग भरल्यासारखं वाटतं खरं," तो म्हणाला. त्याच काळात त्याची पत्नी दोन दवाखाने व तीन देवस्थाने करून आली होती. त्याची स्वतःची तपासणी कोणीच केली नव्हती. मी वैद्य नव्हे, हे मी त्यास सांगितले, इंजेक्शन बंद करावयास सांगितले व दुसऱ्या दिवशी दोघांनाही जिल्हा रुग्णालयात पाठविले.

त्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू आढळला नाही. इंजेक्शन थांबविल्यावर पाटाचे दार पुन्हा उघडण्यास बहुतेकांस सहा महिने ते वर्षभर लागते, काहींस त्याहूनही अधिक, व एक शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यासच अडीच-तीन महिने जातात. म्हणून डॉक्टरांनी त्यास दर तीन महिन्यांनी तपासणीस बोलाविले. आठव्या महिन्यात तो मला बाजारात भेटला. शुक्रजंतू दिसू लागले होते, संख्या अद्याप कमी होती. त्याच्या पत्नीच्या सर्व तपासण्या पहिल्याच खेपेस निर्दोष निघाल्या होत्या.